जुगाऱ्याचें सूक्त आणि आमचा विद्यार्थी

व्यसनाविषयीं लिहिणारे लेखक आमच्याकडे पुष्कळ झाले. व्यसनी मनुष्याविषयीं लिहिणारे मात्र थोडे. पहिल्या प्रकारच्या लेखनाला फारसे श्रम पडत नाहींत. अमुक वस्तु वाईट आहे, ती सोडावी, न सोडल्यास अशी अशी हानि होते, इतकें सांगितलें कीं लेखकाचें कर्तव्य संपतें आणि वाचकाचेंही समाधान होतें; कारण तो वाचक बहुधा त्या व्यसनापासून दूरच असतो. दुसऱ्या प्रकारच्या लेखनांत लेखकाला त्या मनुष्याच्या शेजारीं जाऊन बसावें लागतें, आणि तेथून जें दिसतें तें नेहमींच उपदेशाच्या सोयीचें असतें असें नाहीं. कॉलेजांतील विद्यार्थ्यांना लागलेल्या व्हिडिओ-खेळांच्या नादाविषयीं आज सुशिक्षित घरांतून जी चर्चा चालते, तिच्यांत पहिल्याच प्रकारचा स्वर ऐकूं येतो. आम्ही वैद्य नाहीं, मानसशास्त्रज्ञही नाहीं. वाङ्मय शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. तेव्हां आमच्या हातीं जें एक साधन आहे त्यानेंच या प्रश्नाकडे पाहावें, म्हणजे व्यसनी मनुष्य साहित्यानें कसा पाहिला आणि त्या पाहण्यांतून आजच्या विद्यार्थ्याविषयीं कांहीं शिकतां येतें काय, याचा शोध घ्यावा, असा आमचा हेतु आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. मुलगा जेवायला हाक मारतांच उठला नाहीं, म्हणजे त्याला व्यसन लागलें, असें आई म्हणते. आणि ज्याला दोन महिन्यांत धड झोप नाहीं तो मुलगा ‘मला कांहीं झालेलें नाहीं’ असें म्हणतो. दोघेही शब्द चुकीचा वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तींत ‘गेमिंग डिसऑर्डर’ या विकाराचा समावेश केला. त्या आवृत्तीला २०१९ च्या मे महिन्यांत मान्यता मिळाली व १ जानेवारी २०२२ पासून ती अंमलांत आली. तिच्यांत या विकाराचीं तीन लक्षणें सांगितलीं आहेत: खेळावर ताबा न राहणें, इतर आवडी आणि नित्याचे व्यवहार मागें सारून खेळालाच अग्रस्थान देणें, आणि हानि होत आहे हें दिसत असूनही खेळत राहणें. हा क्रम साधारणतः बारा महिने चाललेला असावा आणि घर, शिक्षण, व्यवसाय वा स्नेहसंबंध यांवर त्याचा गंभीर परिणाम झालेला असावा, अशी अट आहे. दिवसाचे इतके तास म्हणजे रोग, असें माप त्यांत दिलेलें नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१३ सालच्या आपल्या ग्रंथांत या विकाराचीं नऊ लक्षणें दिलीं, परंतु अधिक संशोधन व्हावें अशा सदरांतच त्याला ठेवलें. २०१७ सालीं कांहीं अभ्यासकांनीं तर आरोग्य संघटनेच्या या विचाराला उघड विरोध केला. निरोगी खेळाडूवर रोगाचा शिक्का बसेल, आणि मूळ दुखणें खिन्नतेचें वा भयाचें असतां इलाज मात्र खेळावर होईल, अशी त्यांची भीति होती. विद्वानांतच असा मतभेद असतां घरोघरच्या निकालांनीं थोडें सबुरीनें घ्यावें हें बरें.

आतां साहित्याकडे वळूं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत चौतिसावें सूक्त आहे. तें अक्षसूक्त किंवा जुगाऱ्याचें सूक्त म्हणून प्रसिद्ध आहे. देवतांच्या स्तुतींनीं भरलेल्या त्या ग्रंथांत एका द्यूतकाराचें आत्मकथन यावें, हीच आश्चर्याची गोष्ट. बेहड्याच्या फळांचे ते फांसे; पण त्यांनीं या माणसाचें घर उठविलें आहे. बायको दुरावली, सासू तिरस्कार करते, बापभाऊ ओळख देत नाहींत. तो खेळ सोडण्याचा निश्चय करतो, सोबती पुढें निघून जातात, आणि फांशांचा आवाज कानीं पडतांच त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. रात्र पडली कीं तो कर्जाच्या भयानें दुसऱ्याच्या घराकडे जातो. इतरांचे नीट चाललेले संसार पाहून त्याला यातना होतात. आणि सकाळीं पुन्हां तेंच. आरोग्य संघटनेनें सांगितलेलीं तिन्ही लक्षणें या चौदा ऋचांत क्रमानें सांपडतात. ताबा गेला आहे, खेळ सर्वांच्या वर चढून बसला आहे, आणि हानि डोळ्यांना दिसत असूनही पाऊल थांबत नाहीं. या कवीला वैद्यक ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्यानें त्या माणसाला बोलूं दिलें, एवढेंच केलें. आणि माणूस मोकळेपणानें बोलला म्हणजे रोगाचें वर्णन आपोआप अचूक उतरतें.

या सूक्तांतील दुसरी एक गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. जुगारी आपल्या हरलेल्या धनाविषयीं फार बोलत नाहीं. त्याचा शोक आहे तो तुटलेल्या नात्यांचा. म्हाताऱ्या, विकावयास काढलेल्या घोड्याइतकीच आपली किंमत उरली, हें त्याचें खरें दुःख. ‘मुलगा खेळांत पैसे कुठें लावतो, म्हणजे तसें कांहीं बिघडलेलें नाहीं’ असें जे आईबाप म्हणतात, त्यांनीं याचा विचार करावा. पैसा न लावतांही माणूस पुष्कळ कांहीं लावीत असतो. परंतु या सूक्तांत एक उणीव आहे, आणि तिचा उल्लेख केल्यावांचून परीक्षण प्रामाणिक होणार नाहीं. हा मनुष्य मुळांत फांशांकडे कां गेला, तें कवि सांगत नाहीं. पत्नी पूर्वीं आपल्याशीं गोड वागत असे, असें तो स्वतःच कबूल करतो. मग पहिला डाव कशासाठीं? सूक्त मुकें राहतें, आणि शेवटीं शेती करण्याचा उपदेश येतो. उपदेश उत्तम आहे. पण ज्याला फांशांचा आवाज ऐकून उभें राहवत नाहीं, त्याला नांगराकडे नेणार कोण?

याचें अर्धें उत्तर शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या दुसऱ्या अंकांत सांपडतें. संवाहक हा अंग रगडण्याच्या कलेंत निपुण असा पाटलिपुत्राचा गृहस्थ. चारुदत्ताच्या पदरीं होता. चारुदत्ताला दारिद्र्य आल्यावर तो द्यूताच्या नादीं लागला. दहा सुवर्णनाणीं हरून तो सभिक माथुराच्या तावडींतून पळतो आणि एका ओसाड देवळांत मूर्तीचें सोंग घेऊन उभा राहतो. पाठलाग करणारे तेथेंच बसून डाव मांडतात. फांसे खुळखुळूं लागतात, आणि ती दगडाची मूर्ति ‘डाव माझा’ म्हणून पुढें येते! प्रेक्षक येथें हंसतात. हंसण्यासारखाच प्रसंग आहे. परंतु या हास्याच्या तळाशीं शूद्रकानें जी गोष्ट ठेवली आहे ती भयंकर आहे. प्राण वांचविण्यासाठीं धारण केलेलें सोंगही त्या एका आवाजापुढें टिकत नाहीं. रात्रीं उशाशीं ठेवलेल्या मोबाइलवर ‘सोबती वाट पाहत आहेत’ अशी सूचना वाजते आणि परीक्षेसाठीं निजलेला मुलगा उठून बसतो, तेव्हां हाच प्रवेश पुन्हां होत असतो. फरक इतकाच कीं माथुराला तेथें स्वतः जावें लागलें. आजच्या माथुरानें ती सोय यंत्रावर सोंपविली आहे.

संवाहक पळत वसंतसेनेच्या घरांत शिरतो. ती आपलें कंकण पाठवून त्याचें देणें फेडते. तो चारुदत्ताचा सेवक होता म्हणून तिला त्याची आपुलकी वाटते. शूद्रक तिला उगाच संत बनवीत नाहीं. पण ती त्याला एकही बोधवचन ऐकवीत नाहीं, हें पाहण्यासारखें आहे. आधीं तिनें त्याच्या मानेवरचा फांस काढला. पुढें तो लाजेनें भिक्षु होतो, आणि आठव्या अंकांत शकारानें मारून टाकलेली म्हणून सोडून दिलेली वसंतसेना त्याच भिक्षूच्या हातून वांचते. कथानकाची जुळणी म्हणून टीकाकार या योजनेची वाहवा करतात. आम्हांस तींत याहून अधिक अर्थ दिसतो. समाजानें वायां गेलेला म्हणून ज्याला सोडलें, त्याच्याकडून पुढें काय होईल याचा हिशेब आज मांडतां येत नाहीं, असें नाटककार सुचवितो.

उत्तराचा राहिलेला अर्धा भाग आमच्या मराठींत आहे, आणि तो आमच्या डोळ्यांसमोर असून आम्हांला दिसत नाहीं. गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ १९१९ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आला. तेव्हांपासून मद्यपाननिषेधाचें नाटक म्हणून त्याची ख्याति आहे. सिंधूचे हाल पाहून तीन पिढ्या रडल्या. परंतु सुधाकर पहिला प्याला कां घेतो? गरिबींतून स्वकष्टानें वर आलेला हा बुद्धिमान् वकील भर कोर्टांत अपमानित होतो, त्याची सनद तात्पुरती काढून घेतली जाते, आणि त्या अपमानाची आग विझवावी म्हणून तळीराम त्याच्या पुढें प्याला करतो. म्हणजे दारू येते ती सुखासाठीं येत नाहीं, विस्मृतीसाठीं येते. पुढें तो सोडण्याचा निश्चय करून काम मागावयास निघतो, तेव्हां प्रतिष्ठितांकडून जी अवहेलना त्याच्या वांट्यास येते तीच त्याला पुन्हां प्याल्याकडे लोटते. नाटकाच्या नांवानें आणि सिंधूच्या अश्रूंनीं प्रेक्षकांचें लक्ष प्याल्यावर इतकें खिळविलें कीं, ज्यांनीं सुधाकराचा अपमान केला ते सर्व सभ्य गृहस्थ निर्दोष सुटले. हा दोष गडकऱ्यांचा किती आणि आम्हां प्रेक्षकांचा किती, याचा निर्णय करणें कठीण आहे. आमच्यापुरतें बोलावयाचें तर तो आमचा आहे, आणि तसें म्हणण्यास आम्हांस एक कारण घडलें.

२०१९ च्या पावसाळ्यांत दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेला एक विद्यार्थी आमच्या प्रथम वर्षाच्या वर्गांत होता. बारावींत त्याला उत्तम गुण होते. शिक्षण सारें मराठींतून झालेलें. एके दिवशीं आम्हीं त्याला इंग्रजी गद्याचा एक उतारा मोठ्यानें वाचावयास सांगितलें. एका शब्दाचा उच्चार त्यानें असा कांहीं केला कीं वर्ग हंसला. आम्हींही हंसलों. त्यांत द्वेष नव्हता; पण हंसलों खरें. पुढें तो वर्गांत मागच्या बांकावर बसूं लागला, नंतर येईनासा झाला. हजेरी भरली नाहीं म्हणून नियमाप्रमाणें पत्र गेलें. वडील आले. मुलगा रात्रभर मोबाइलवर पब्जी खेळतो आणि दिवसा निजतो, असें वसतिगृहाच्या व्यवस्थापकाकडून त्यांना कळलें होतें. आमच्या खोलींत त्यांनीं मुलाच्या हातांतील मोबाइल घेऊन जमिनीवर आपटला. आम्हीं त्यांस पाणी दिलें, मुलाला व्यसनाच्या दुष्परिणामांवर दहा-पंधरा मिनिटें चार गोष्टी सांगितल्या, आणि आपलें काम केलें असें समजून तासावर गेलों. तो मुलगा त्या वर्षीं परीक्षेस बसला नाहीं.

२०२२ सालीं कांहीं दाखल्यासाठीं तो कॉलेजांत आला होता. आपण होऊन भेटावयास आला. मुक्त विद्यापीठांतून त्यानें पुन्हां शिक्षण सुरू केलें होतें आणि एका औषधांच्या दुकानांत तो काम करीत होता. बोलतां बोलतां आम्हीं विचारलें, “तेव्हां तुला त्या खेळांत एवढं काय सांपडलं होतं?”

तो जरा थांबून म्हणाला, “सर, आम्ही चौघे होतों. एक नाशिकचा, दोघे बिहारकडचे. माझं इंग्रजी त्यांनीं कधीं विचारलं नाहीं. मी सांगेन तिकडे ते तिघे यायचे.”

आम्ही कांहीं वेळ गप्प राहिलों. मग त्या हंसण्याची गोष्ट आम्हींच काढली. तो संकोचून म्हणाला, “नाहीं सर, त्याच्यामुळं नाहीं. झोप तर आधींपासूनच जात होती. घरीं सांगायची सोय नव्हती.” आणि थोड्या वेळानें म्हणाला, “दोन हजार वीसच्या सप्टेंबरांत सरकारनं तो गेम बंद केला. गेम गेला, पण झोप कांहीं परत आली नाहीं. ती पुढं डॉक्टरांकडं गेलों तेव्हां आली.”

त्यानें आमच्यावर दोष ठेवला नाहीं. म्हणून आम्हीं तो आपल्यावर ठेवूं नये, असें होत नाहीं. एका हंसण्यानें एवढें सर्व घडलें, असें मानण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. पण त्याला झोप येत नाहीं, हें विचारून घ्यावयास आम्हांस दोन वाक्यें पुरलीं असतीं. तीं बोलण्याऐवजीं आम्हीं व्याख्यान दिलें. सुधाकराची कथा वर्षानुवर्षें वर्गांत सांगणाऱ्या माणसानें मुन्सफाची भूमिका करावी आणि आपण रामलाल आहों असें समजावें, यांतली विसंगति आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळली.

येथें शास्त्रीय प्रश्न येतो तो असा: खिन्नतेमुळें खेळ वाढतो कीं खेळामुळें खिन्नता? दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढ्यावरून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं, हा तर्कशास्त्राचा पहिला धडा. बहुधा दोन्ही दिशांनीं ओढ असते. झोप नाहीं म्हणून खेळ, आणि खेळ म्हणून झोप नाहीं. वर उल्लेखिलेल्या नऊ लक्षणांत ‘मनाची वाईट स्थिति विसरण्यासाठीं खेळणें’ हेंही एक लक्षण आहे, म्हणजे वैद्यकालाही सुधाकर ठाऊक आहे.

खेळाच्या बाजूनेंही कांहीं बोललें पाहिजे, आणि तें काम गॅब्रिएल झेविन या अमेरिकन लेखिकेच्या २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो’ या कादंबरीनें चांगलें केलें आहे. नांव शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’ नाटकांतून घेतलेलें आहे. मॅकबेथला एकामागून एक येणारे उद्यांचे दिवस निरर्थक वाटतात. या कादंबरींतील मार्क्स नांवाचा तरुण त्याच शब्दांचा उलटा अर्थ लावतो: खेळांत मेलेला पुन्हां उठतो, पुन्हां आरंभ करतो, म्हणून खेळ म्हणजे न संपणारी आशा. मोटारीच्या अपघातांत आईला गमावून आणि पाय चिरडून इस्पितळांत पडलेला सॅम हा मुलगा कोणाशीं फारसा बोलत नाहीं. सेडी नांवाची मुलगी त्याच्याबरोबर व्हिडिओ-खेळ खेळूं लागते तेव्हां त्याची वाचा परत येते. पुढें विद्यापीठांत शिकत असतां दोघांची पुन्हां गांठ पडते. सेडी खोल खिन्नतेंत असतां सॅम तिच्या खोलीवर रोज जात राहतो. आणि ती उभी राहते ती दोघांनीं मिळून एक खेळ रचावयास घेतल्यावर.

कादंबरीचा उत्तम भाग तिच्या उत्तरार्धांत आहे. मार्क्सचा खून होतो. त्याच्या मुलीची आई झालेली सेडी कोणाला भेटेनाशी होते. तेव्हां सॅम केवळ तिच्यासाठीं एक खेळाचें जग निर्माण करतो आणि परक्या नांवानें त्यांत तिचा सोबती होतो. ती त्या जगांत सावरते. पण आपला सोबती कोण हें कळल्यावर ती संतापते. खेळानें बरें केलें हें खरें, आणि त्यांत फसवणूक होती हेंही खरें; लेखिका दोहोंपैकीं एकाचाही निकाल लावून टाकीत नाहीं. असा प्रवेश लिहिण्यास धैर्य लागतें. उलट, कादंबरीचा दोषही स्पष्ट आहे. तिचीं पात्रें खेळ निर्माण करणारीं आहेत. त्यांचा खेळ ज्यांनीं घेतला आणि रात्रीमागून रात्री त्यांत घालविल्या, ते लाखों विद्यार्थी तिच्यांत जवळजवळ नाहींत. निर्मात्याला खेळ ही कला आहे, आणि कलेंत बुडालेल्याला आपण तपस्वी म्हणतों. परंतु त्याच कलाकृतीच्या पलीकडच्या टोकाला जो बसला आहे, त्याला पुन्हां आरंभ करावयाची सोय पडद्यावरच मिळते. चुकलेली परीक्षा त्याला पुन्हां पहिल्या पायरीवरून मिळत नाहीं. मार्क्सचें तत्त्वज्ञान या जागीं अपुरें पडतें, आणि लेखिकेला तें कळलें असावें असें दिसत नाहीं.

योहान हुइझिंगा या डच पंडितानें १९३८ सालच्या आपल्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथांत खेळाचीं लक्षणें सांगतांना एक फार मार्मिक गोष्ट नोंदविली आहे. खेळाला स्थळाची आणि काळाची सीमा असते. तो सुरू होतो आणि संपतो. आमच्या लहानपणीं पत्त्यांचा डाव दिवा मालवला कीं संपे, क्रिकेट अंधार पडला कीं संपे. आजचे पुष्कळसे मोबाइल-खेळ संपूंच नयेत अशा बेतानें रचलेले असतात. एक डाव अर्ध्या तासाचा. पण रोज येऊन हजेरी लावल्यास बक्षीस, चुकल्यास साखळी तुटते, आणि पेटींतून काय निघेल हें कधींच सांगतां येत नाहीं. केव्हां मिळेल हें अनिश्चित असलेलें बक्षीस प्राण्याला सर्वांत चिवटपणें कामाला जुंपतें, हें स्किनर या मानसशास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या मध्यास कबुतरांवरील प्रयोगांनीं दाखविलें होतें. या अर्थानें आजचा खेळ हुइझिंगाच्या व्याख्येंतून निसटून शूद्रकाच्या द्यूतसभेंत शिरला आहे.

मग सभिकाचें काय करावयाचें? कौटिल्यानें द्यूतावर अध्यक्ष नेमून जिंकलेल्या धनांतून शेंकडा पांच भाग राजासाठीं घ्यावा असें सांगितलें. आमच्या संसदेनें २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना व त्यांच्या जाहिरातींना बंदी केली, आणि स्पर्धात्मक ई-क्रीडेला मात्र उत्तेजन दिलें. पैशाच्या खेळांपुरता हा निर्णय आम्हांस योग्य वाटतो. परंतु आमच्या त्या विद्यार्थ्यानें एक पैही लावली नव्हती. त्याला हा कायदा लागू पडला नसता. दक्षिण कोरियानें २०११ सालीं सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळीं सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले, आणि २०२१ सालीं तो नियम रद्द करण्याचें ठरविलें. निर्बंधानें दार बंद करतां येतें. आंतल्या माणसाला झोप लावतां येत नाहीं.

तें काम वैद्याचें आहे, आणि आज त्याची सोयही आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१४ सालीं यासाठीं स्वतंत्र उपचारकेंद्र काढलें. आणि २०२२ सालीं सरकारनें सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही घरांतून फिरवितां येतो. पण मुलगा वैद्यापर्यंत पोंचावयाचा तर त्याच्या आधीं कोणीतरी त्याच्याशीं बोललें पाहिजे. तें कोणीतरी म्हणजे आई, बाप, खोलीसोबती किंवा शिक्षक. कंकण देण्याची आमची ऐपत नसेल. निदान व्याख्यान आवरतें घेण्याची असावी. ‘किती तास खेळतोस?’ हा प्रश्न आपण सर्वच विचारतों. ‘झोप येते का? कॉलेजांत कोणाशीं बोलतोस?’ हे दोन प्रश्न त्याआधीं विचारावे. तीन वर्षांपासून गैरहजर विद्यार्थ्याला पत्र पाठविण्यापूर्वीं आम्ही ते विचारूं लागलों आहों. पुष्कळदां उत्तर साधेंच असतें. कोणी घरीं आजारी असतें, कोणाला खरोखरच कंटाळा आलेला असतो. कधीं कधीं उत्तर साधें नसतें.

आणि मराठी कादंबरीकारांस आमची एक विनंति आहे. हा विद्यार्थी तुमच्या वाटेवर उभा आहे. त्याच्यावर उपदेशपर नाटक लिहूं नका. तीं आम्हीं पुरेशीं पाहिलीं आहेत. मध्यरात्रीं दोन वाजतां वसतिगृहाच्या खोलींत कानांना यंत्र लावून, तीन अनोळखी सोबत्यांना हलक्या आवाजांत वाट दाखविणारा तो मुलगा काय बोलतो, तें ऐका. त्या वेळीं त्याचा आवाज कसा असतो, हें आम्हांस ठाऊक नाहीं. वर्गांत तो आवाज आम्हीं एकदांच ऐकला, आणि तोही पुरता ऐकून घेतला नाहीं.